नुस्ते बंद

आमच्याकडे माशाला नुस्ते म्हणतात. पेडण्यात लहान मुलांचा दवाखाना चालवताना जे शब्द माझ्या तोंडून सर्वांत जास्त निघाले त्यांतला हा एक, आणि त्याच्या पाठोपाठ नेहमी दुसरा शब्द ठरलेला : बंद. ताप आला, नुस्ते बंद. खोकला, नुस्ते बंद. अंगावर पुरळ उठले, नुस्ते बंद. जुलाब असले तर विचारूच नका, नुस्त्याबरोबर अंडे, दूध, तेलकट, सगळ्यावर काट. मान वर न करता, औषध लिहिता लिहिता मी हे म्हणून टाकायची आणि पुढच्याला हाक मारायची.

का म्हणायची, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. माझे माहेर डिचोलीचे, घर भटांचे. आमच्या घरात नुस्ते कधी शिजले नाही. शेजारणीकडे कढईत काही पडले की आई आमच्या बाजूचे जनेल, म्हणजे खिडकी, लावून घ्यायची. त्यामुळे नुस्ते बंद म्हणजे काय, हे मला खरे म्हणजे कळतच नव्हते. माझ्या लेखी ते एक वजा झाले, बास. शिवाय ज्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली मी शिकले तेही म्हणायचे. आजारी मुलाचे खाणे तोडू नये असे पुस्तकात होते, परीक्षेत मी ते लिहून मार्कही घेतले होते. पण दवाखान्यात बसल्यावर जिभेवर आले ते गुरूंचे.

आणि स्वभाव! राग माझ्या नाकावर. सांगितलेले कोणी पाळले नाही की मी सर्वांसमोर झाडायची. एकदा जुलाबाच्या मुलाला केळे दिले म्हणून एका बाईला मी असे काही बोलले की बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या बायका गप्प झाल्या. मला वाटले, छान, आता पाळतील. पाळले, अगदी कडक पाळले. त्याचीच ही गोष्ट.

दवाखाना तेव्हा दोन खोल्यांचा होता. बाहेरच्या खोलीत बाक, वजनाचा काटा आणि मावशी. मावशी म्हणजे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून कामाला असलेली पेडण्याचीच बाई. नंबर द्यायची, पोरे तोलायची, रडणाऱ्याला खुळखुळा दाखवायची आणि माझा पारा चढला की आतल्या खोलीचे दार हळूच ओढून घ्यायची. तिचा जेवणाचा डबा मात्र मागच्या पडवीत. तसे मी कधी सांगितले नव्हते. पहिल्याच दिवशी तिने डबा उघडला, वास आला, मी नाकाला पदर लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पडवीत विहिरीच्या बाजूला तोंड करून जेवू लागली. ह्यात काही चुकते आहे असे मला कितीतरी वर्षे वाटले नाही.

त्या वर्षी चतुर्थी होऊन पंधरा दिवस झाले असतील. पार्स्याहून एक बाई चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. मूळची ही माणसे सिंधुदुर्गातली. नवरा डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर होता आणि आठवड्याने घरी यायचा. ही सासूबरोबर एका काजूच्या भाटात राखणीला राहायची. भाट म्हणजे आमच्याकडे बाग. मुलीला जुलाब आणि ताप. मुलगी गुटगुटीत म्हणावी अशी नव्हती, पण डोळे तरतरीत आणि हाताला घट्ट. माझ्या गळ्यातली नळी तिने धरली ती सोडवायला मावशीला यावे लागले. मी औषध दिले, मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे ते दाखवले आणि माझा नेहमीचा पाढा म्हटला. नुस्ते बंद, अंडे बंद, दूध बंद, तेलकट बंद. पेज दे, उकडलेले काही दे.

चार दिवसांत मुलगी बरी झाली. बरे झालेले मूल घेऊन डॉक्टरकडे कोण येते? बसचे भाडे, दिवसाची मजुरी, घरची कामे. ती आली नाही आणि मी विसरले.

मग ती आली थंडीच्या दिवसांत. मुलीला सर्दी होती. मावशीने काट्यावर घातली आणि वजन मोठ्याने न सांगता कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवले. चतुर्थीनंतर आठ किलोला थोडे कमी भरलेली मुलगी साडेसात झाली होती. जेव्हा वाढायचे तेव्हा उतरली. मी विचारले, खाणे नीट देतेस ना? ती म्हणाली, होय बाई, तुम्ही सांगितले तसेच. मला बरे वाटले. सांगितल्याप्रमाणे करणारी बाई, हिला कशाला टोकायचे? मी शक्तीचे औषध लिहून दिले.

पुढच्या महिन्यात मुलगी आणखी खाली. केस पिंगट पडू लागले होते. आता ती माझी नळी धरत नव्हती. आईच्या खांद्यावर डोके टाकून नुसती बघत राहायची. सतरा-अठरा महिन्यांचे मूल चुळबूळ करत नाही म्हणजे काय, हे लहान मुलांच्या डॉक्टरला सांगावे लागत नाही. म्हापशाला पाठवून छातीचा फोटो काढून आणायला लावला. त्यात किंचित सावट दिसल्यासारखे वाटले. क्षय असेल, की रक्ताचे काही, की ह्याहून वाईट? मी पुन्हा विचारले, खाते ना? खाता, ती म्हणाली. दिलेले सगळे खाते, थाळीत ठेवत नाही.

शेवटी मी मोठ्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहायचे ठरवले. तिथे ठेवून घेतील, पोटात नळी घालून तपासतील, कदाचित सहा महिन्यांची औषधे सुरू करतील. नवऱ्याला ट्रकवरून सुट्टी मिळायला आठ दिवस लागणार होते. मी तिला म्हटले, आठ दिवसांनी नवऱ्याला घेऊन ये, मी वजन करीन आणि चिठ्ठी देईन. ती पदराचे टोक चावत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, पोर वाचात मां?" मी म्हटले, वाचेल. पण मला ठाऊक नव्हते. खरे सांगते, त्या रात्री मी नीट जेवले नाही.

आणि नेमक्या त्याच आठ दिवसांत एक संशोधनवाली बाई माझ्या दवाखान्यात येऊन बसली.

ही एका वैद्यकीय कॉलेजातली बालरोगतज्ज्ञ. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, चष्मा, बोलणे मऊ. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या आम्हा काही डॉक्टरांकडे ती पाळीपाळीने बसत होती. विषय असा, की रोजच्या प्रॅक्टिसमध्ये लहान मुलांचे डॉक्टर नेमके काय करतात आणि त्यातल्या कशाचा अभ्यास आधी व्हायला हवा. मोठ्या इस्पितळांत दुर्मीळ रोगांवर खूप लिहिले जाते, पण सर्दी, जुलाब, न खाणारे मूल, ह्यांच्यावर खेड्यातला डॉक्टर दिवसभर जे बोलतो ते कोणी तपासत नाही, असे तिचे म्हणणे. मला म्हणणे पटले होते, म्हणून हो म्हटले. पण प्रत्यक्षात कोणी आपल्या खोलीत कोपऱ्यात बसून आपण काय बोलतो ते टिपू लागले की कसे वाटते, हे ज्याचे त्याला कळते. पहिल्या दिवशी मी एकदम शहाण्यासारखी बोलले. दुसऱ्या दिवशी विसरले.

तिच्याकडे एक छापील तक्ता होता, तीन रकान्यांचा. पहिल्यात काय सांगितले, दुसऱ्यात का सांगितले, तिसऱ्यात कधीपर्यंत सांगितले. औषधे तर ती लिहायचीच, पण औषधाखेरीज मी जे जे बोलायची तेही लिहायची. आंघोळ घालू नको, टोपी घाल, बाहेर नेऊ नको, नुस्ते बंद. सगळे.

पाचव्या दिवशी दुपारी पेशंट संपल्यावर तिने तक्ता माझ्यापुढे ठेवला. सर्वांत जास्त वेळा मी दिलेला उपाय कोणता, हे तिने मला ओळखायला सांगितले. मी म्हटले, तापाचे औषध. ती म्हणाली, नाही, नुस्ते बंद. तापाच्या औषधाहून पुढे. मला हसू आले आणि रागही आला. नुस्ते बंद हा उपाय आहे का? ती म्हणाली, मग काय आहे? दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे, ते तुम्हीच सांगा. मी म्हटले, लिहा, पचायला जड. ती म्हणाली, खोकल्याच्या मुलालाही? मी म्हटले, कफ होतो. हे तुम्ही कुठे वाचले, असे तिने विचारले. काही कुत्सितपणे नाही, खरेच तिला माहीत करून घ्यायचे होते. आणि उत्तर नसले की माझा आवाज चढतो.

मी तिला बरेच सुनावले. खेड्यात येऊन आठ दिवस बसायचे आणि वर आम्हाला शिकवायचे! ह्या बायका काहीही घालतात मुलांच्या तोंडात, कुठेतरी लगाम नको का? ती ऐकून घेत होती. माझे संपल्यावर तिने फक्त तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता. ती म्हणाली, "बंद करा हे तुम्ही सांगता. चालू करा हे कोण सांगते?"

मी म्हटले, त्यात सांगायचे काय? मूल बरे झाले की आपोआप चालू करतात. कळत नाही का तेवढे?

इतका वेळ मावशी फडक्याने काटा पुसत होती. तिने फडके खाली ठेवले. मावशी माझ्यापुढे कधी आपण होऊन बोलत नसे, त्या दिवशी बोलली. म्हणाली, बाई, आपोआप कसे करतील? पथ्य ज्याने लावले त्यानेच सोडवायचे असते. तिच्या लहानपणी कावीळ झाली की गावातल्या वैद्याकडून मुळी आणायचे. तो पथ्य सांगायचा. कितीही बरे वाटले तरी घरात कोणी ते मोडायचे नाही. ठरल्या दिवशी नारळ घेऊन पुन्हा त्याच्याकडे जायचे, तो म्हणायचा आता सोडा, आणि मग त्या दिवशी घरात नुस्ते यायचे. त्याने सोडवल्याशिवाय खाल्ले तर आजार उलटतो, आणि दोष खाणाऱ्याचा. वैद्य गेले, आता तुम्ही आहात. बायका तुम्हाला विचारायला भितात, बाहेर पडताना दारात मला विचारतात. मावशी, नुस्ते कधी देऊ?

मी विचारले, मग तू काय सांगतेस?

"मी काय सांगणार? बाईंनी बंद म्हटलंय तर बंद."

मी उठून जनेलापाशी गेले. समोर पेडण्याच्या रस्त्यावरून म्हापशाची बस चालली होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येत होता, खांद्यावर डोके टाकलेला. तुम्ही सांगितले तसेच. दिलेले सगळे खाते. देवा रे! चतुर्थीपासून आता काजूला मोहोर येईपर्यंत? मी मावशीला विचारले, पार्स्याच्या त्या बाईने कधी विचारले होते? मावशी म्हणाली, आली तेव्हा प्रत्येक वेळी.

चिठ्ठीच्या दिवसाला अजून तीन दिवस होते आणि तिला निरोप धाडायला काही साधन नव्हते. फोन फक्त भाटकाराच्या, म्हणजे बागेच्या मालकाच्या घरी, आणि भाटकार पणजीला. मी दवाखाना बंद करून जायला निघाले होते, मावशीनेच थांबवले. म्हणाली, संध्याकाळी मुलांना घेऊन बायका येतील, त्यांना कोण बघणार? मग तिने पदेराला गाठले. पदेर म्हणजे भल्या पहाटे आणि संध्याकाळी सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकणारा. पार्स्याला जाणारा पदेर त्या भाटावरून जातो हे तिला ठाऊक होते. त्याच्याकडे निरोप दिला, की डॉक्टरबाईंनी उद्याच बोलावले आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती आली. नवरा नव्हता, सासू होती. दोघींचे चेहरे उतरलेले. ठरल्या दिवसाआधीच बोलावले म्हणजे नक्की काही वाईट, असे समजून त्या आल्या होत्या. मी मुलीला स्वतः काट्यावर ठेवले. काटा सातच्याही खाली थांबला. मी आईला समोर बसवले आणि विचारले, काल सकाळपासून हिने काय काय खाल्ले ते एकेक सांग. आजवर खाते का, एवढेच मी विचारले होते. काय खाते, हे विचारले नव्हते.

सकाळी पेज. दहा वाजता पेज. दुपारी मऊ भात आणि उकडलेला भोपळा. संध्याकाळी पेज. रात्री पेज. मुलीचे अंगावर पिणे कधीच सुटले होते.

दूध?

नाही.

अंडे? घरात कोंबड्या आहेत, सासू मध्येच म्हणाली, पण हिला नाही दिले. शेजारची पोरे खातात तेव्हा ही रडायची, म्हणून तिला आत नेऊन बसवायचे. एकदा सासूला राहवले नाही, तिने तारली माशाचा तुकडा हातात घेतला होता. सुनेने हात धरला. केळे दिले म्हणून दुसऱ्या बाईला मी झाडले होते ना, तेव्हा ही बाहेर बाकावर बसलेली होती.

मला सहन झाले नाही. सवयीने आवाज चढला आणि मी म्हटले, अगं, पण जुलाब थांबले तेव्हाच का नाही सुरू केलेस? चार महिने!

तिने माझ्याकडे सरळ पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मला वाटते तो असता तर बरे झाले असते. ती म्हणाली, "तुमी बंद केलास. तुमी खंय सोडलास?"

इतक्या वर्षांत मला कोणी असे बोलले नव्हते. मी कपाळाला हात लावला. संशोधनवाली बाई कोपऱ्यात होती, तिने पेन खाली ठेवले होते. मला लाज वाटली आणि मी ती लपवली नाही. मी म्हटले, चूक माझी. तुझी नाही, तुझ्या सासूची नाही. आजपासून सगळे सुरू. दूध, अंडे, तेल, नुस्ते, सगळे थोडे थोडे. आत्ता घरी जाऊन सुरू कर.

त्या उठल्या नाहीत. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग सासू चाचरत म्हणाली, बाईंनी आपल्या हाताने सोडवले असते तर बरे झाले असते. म्हणजे मग मनात काही राहायचे नाही.

मला क्षणभर कळलेच नाही. मग कळले. माझ्या हाताने म्हणजे माझ्या हाताने. मी मावशीकडे पाहिले. मावशी पडवीकडे पाहत होती.

मी म्हटले, "मावशी, तुझा डबा आण."

ती जागची हलेना. तिला वाटले, मी रागाने बोलते आहे. मी पुन्हा सांगितले. तिने डबा आणला तो पदराखाली झाकून, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यात घुटमळली. मी तिच्या हातून घेतला आणि मुले तपासायच्या टेबलावर ठेवून उघडला. आत भात होता, आमटी होती आणि एका कोपऱ्यात हळद-मिठात परतलेली मुडदुशी. मुडदुशी हे हलके नुस्ते, ते आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात, हे मावशीने मला तेव्हा सांगितले. एवढी वर्षे मी जे बंद करत होते त्यात आजाऱ्याला द्यायचे नुस्तेही होते!

काटे कुठे असतात ते मला माहीत नव्हते. मावशीने दोन बोटांनी मासा उघडला, मधला काटा अख्खा उचलून बाजूला केला, पांढरा भाग भातात कुस्करला. मी तो घास उचलला. बोटांना लागला तेव्हा दुसरा हात सवयीने पदराकडे गेला, खोटे कशाला सांगू? तो मी मागे घेतला. मुलीच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडले नाही. वास घेतला, माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. जणू विचारत होती, खाऊ का? आई म्हणाली, खा गो बाय, बाईंनी सोडलां.

तिने घास घेतला, सावकाश चघळला, गिळला. आणि मग तिने हात पुढे केला आणि माझे मनगट धरले. चतुर्थीनंतर नळी धरली होती तसे घट्ट नाही, पण धरले. दुसरा घास येईपर्यंत सोडले नाही. मी रडले. सासूही डोळे पुसत होती. मावशी तेवढी कामाला लागलेली, काटे काढत.

चिठ्ठी मी लिहिली नाही, पण आंधळा विश्वासही ठेवला नाही. दर सोमवारी वजन करायचे, वाढले नाही तर मोठे इस्पितळ, असे ठरले. एकदम भारंभार देऊ नको, थोडे थोडे वाढव, हेही बजावले. आणि प्रत्येक ओळीपुढे कधीपासून, कधीपर्यंत, ते लिहून दिले. पहिल्या सोमवारी वजन किंचित वाढले होते. दुसऱ्या सोमवारी थोडे अधिक. माझा जीव भांड्यात पडला. फोटोतले सावट, सर्दीचेच असावे, पुढच्या फोटोत दिसले नाही.

पण दुसरी एक काळजी मला झोपू देईना. ही एक कळली. बाकीची? मी किती घरांत काय काय बंद करून ठेवले असेल आणि कधी सोडले नसेल? मावशीला विचारले तर ती म्हणाली, पदेर आहे की. पेडण्याहून चारी दिशांना पाववाले जातात. त्यांच्याकडून निरोप गेला : डॉक्टरबाईंनी कोणाला काही बंद करून ठेवले असेल आणि मूल बरे असेल, तर सगळे सोडले आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन विचारावे, बाई ओरडणार नाहीत. शेवटचे वाक्य मावशीने स्वतःच्या मनाने घातले.

लोक आले. बहुतेक हसत आले, कारण त्यांनी कधीच सुरू केले होते आणि मला सांगितले नव्हते. मला तेव्हा त्या न ऐकणाऱ्या बायकांचे इतके कौतुक वाटले! पण एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. चांगला वाढलेला, खोडकर मुलगा. तो दोन वर्षांचा असताना पुरळ उठले म्हणून मी अंडे बंद केले होते. पाच वर्षे त्याने अंडे खाल्ले नव्हते. शाळेत कोणी दिले तर तो ऐटीत सांगायचा, मला डॉक्टरने बंद केलंय. मी त्याला म्हटले, आज सोडले बरे का. तो हिरमुसला. त्याची तेवढीच एक ऐट होती, तीही मी घालवली.

पुढे एका शुक्रवारी म्हापशाला सगळ्या डॉक्टरांची बैठक झाली. खाली बाजार भरलेला, वर हॉलमध्ये आम्ही. कोणत्या प्रश्नाचा अभ्यास आधी व्हावा, हे प्रत्येकाने एका कागदावर लिहून मांडायचे होते. कोणी दम्याचे लिहिले, कोणी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे. मी लिहिले : पथ्य आम्ही लावतो, ते सोडवण्याची जबाबदारी कोणाची, आणि न सोडवल्याने मुलांचे काय होते? मागच्या रांगेत हशा पिकला. नुस्त्यावर संशोधन करणार की काय, असे कोणी म्हणाले. पूर्वीची मी असते तर त्या रांगेची धडगत नव्हती. मी उभी राहिले आणि पार्स्याच्या मुलीचे सगळे सांगितले, माझ्या नावानिशी, माझ्या चुकीसकट. एक म्हातारे डॉक्टर खाली मान घालून म्हणाले की ते तेलकट बंद करतात, चाळीस वर्षे झाली, आणि कधी सोडवल्याचे त्यांना आठवत नाही.

माझा प्रश्न यादीत गेला, खालून दुसरा. मला वाईट वाटले. पण संशोधनवाली बाई म्हणाली की यादीचे जे व्हायचे ते होईल, तिच्या तक्त्यातला तिसरा रकाना मात्र आता सगळ्यांना भरावा लागणार, आणि जो तो आपापला कोरा रकाना बघील. तसेच झाले. पुढे दोन-तीन वर्षे तिने त्याच एका रकान्यावर काम केले.

मावशीचा डबा त्यानंतर आतच राहिला. मी नुस्ते खाऊ लागले असे समजू नका, माझ्याच्याने ते झाले नाही. पण दुपारी आम्ही दोघी एका टेबलावर जेवतो आणि आज काय आणलेस, हे मी रोज विचारते. नावे बरीच पाठ झाली आहेत.

पार्स्याची ती बाई पावसाच्या आधी पुन्हा आली. नवराही बरोबर होता, ट्रकचा धुरळा केसांत घेऊन. मुलगी दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आली आणि थेट वजनाच्या काट्यावर चढायला गेली. नऊला जराशी कमी. मावशीने आकडा सगळ्या बाकाला ऐकू जाईल असा सांगितला. मुलीला थोडा खोकला होता, विशेष काही नाही. मी छाती ऐकली, तिने नळी ओढली, मी सोडवून घेतली, औषध लिहू लागले. आणि इतके सगळे होऊन, इतके सगळे बोलून, जिभेची खोड बघा, मान खाली घालून मी म्हटले, "आंबट बंद."

पूर्वी ती हे ऐकून उठली असती आणि दारात थबकून मावशीला विचारले असते. ह्या वेळी ती उठली नाही. मुलीला मांडीवर घेऊन माझ्यासमोरच बसून राहिली आणि म्हणाली, "कितके दिस, बाई?"

मी पेन थांबवले. आंबट का बंद, हेच मला सांगता येईना. मी ती ओळ खोडली आणि कागद तिच्या हातात दिला.